सामंत सरांच्या पाठीवरचे वळ

मी कॉलेजात इतिहास शिकवते. पुरावा नसेल तर गोष्ट मानू नका, असं वर्गात बजावून सांगणारी मी. घरी कुणी भुताखेतांचा विषय काढला की उठून सरळ आत जायची. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण भरल्या हॉलने जे पाहिलं, ते नाकारू कसं?

२००४ चा डिसेंबर. वेंगुर्ल्यात आमच्या कॉलेजात आधुनिक ब्रिटनच्या इतिहासावर चर्चासत्र होतं. संयोजक मीच. मुंबईहून सामंत सर आले होते — मला एम.ए.ला शिकवणारे, मूळचे मिठबावचे, अगदी मऊ स्वभावाचे. त्यांचा विषय होता ब्रिटिश सैन्यातली फटक्यांची शिक्षा. शिपायाला बांधून साऱ्या पलटणीसमोर त्याच्याच सोबत्याला त्याची पाठ फोडायला लावायची, या प्रकाराची सरांना मनापासून चीड होती.

जेवणानंतरचं सत्र. खिडक्यांतून ऊन आत आलेलं. सर पोडियमपाशी उभे राहून वाचत होते, मागे नुसती भिंत. मी शेजारच्या खुर्चीत.

वाचता वाचता ते एकदम पुढे झुकले. मागे वळून पाहिलं, पुन्हा वाचायला लागले. मग आवाज आला — ओला कपडा दगडावर आपटावा तसा. सरांच्या पांढऱ्या शर्टावर पाठीला आडवी लाल रेघ उमटली. लगेच दुसरी. शर्ट कुठेच फाटला नव्हता, आतून रक्त येत होतं.

मी धावले. सरांनी पोडियम दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, बोटं काही केल्या सुटेनात. शेवटी मी त्यांच्या पाठीवर ओणवी झाले.

"सोड गो," ते कण्हत म्हणाले. "तुका लागतला."

लागलंच. खांद्यावर आग झाली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात आमच्या कॉलेजातले परब सर धावत मंचावर आले आणि त्यांनी लाथ मारून पोडियमच आडवा पाडला. सामंत सरांचे हात सुटले, ते खाली कोसळले. त्यानंतर मारणं थांबलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाठ पाहिली आणि म्हणाले, "यांना कुणीतरी दोरीने झोडपलंय. पोलिसांना कळवावं लागेल."

पोलीस आले. हॉलमधल्या प्रत्येकाने एकच सांगितलं — जवळ कुणी नव्हतं. पण जवळ गेलेले दोघे होते, मी आणि परब सर. आमची चौकशी बराच वेळ चालली.

सामंत सरांच्या पत्नी त्यांच्याबरोबर मुंबईहून येऊन गावी थांबल्या होत्या, त्या संध्याकाळी मिठबावहून आल्या. त्या थेट माझ्याकडे आल्या.

"कोणी मारल्यान तेंका? खरा सांग."

"वहिनी, कुणीच नव्हतं तिथे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. मी पदर सरकवून खांदा दाखवला. त्या वळाकडे त्या बघत राहिल्या. मग त्यांनीच माझा पदर नीट केला आणि माझा हात धरून बाकावर बसल्या. रात्रभर सोडला नाही.

गुन्हा कुणावरच दाखल झाला नाही. सर बरे झाले, निवृत्ती घेऊन मिठबावला राहायला गेले. खूप दिवसांनी मी भेटायला गेले तेव्हा धीर करून विचारलं, "सर, मागे कोण होतं?"

त्यांनी आंब्याच्या बागेकडे नजर वळवली.

"माका म्हायत नाय गो," ते म्हणाले. "पण मारणारो रडत होतो. प्रत्येक फटक्याक तो रडत होतो."

मी सरांच्या अगदी पाठीला लागून होते. मला कुणाचंही रडणं ऐकू आलं नव्हतं. कोण होतं ते, का रडत होतं, आणि ज्या माणसाने आयुष्यभर फटके खाणाऱ्या शिपायांची बाजू मांडली त्यालाच का मारत होतं... मला आजही सांगता येत नाही.