टायवाल्याने नाकारलेला चहा

वर्ध्याच्या मे महिन्यात गळ्यात टाय बांधून भर दुपारी सायकल चालवणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर त्याला वरून हुकूम असतो. आमच्या टायवाल्याला हुकूम होता. पांढरा शर्ट, काळा टाय आणि खिशावर एक काळी पट्टी. तहसिलीत कारकून असलेल्या माझ्या बाबांनी पट्टीवरचा 'एल्डर' हा शब्द वाचला आणि म्हणाले, "म्हणजे वडीलधारा. अन् याले तं अजून धड मिशी नाई फुटली!"

तो मॉर्मन पंथाचा प्रचारक होता. पंच्याऐंशीच्या सुमारास रेल्वे लाइनपलीकडच्या आमच्या बौद्ध वस्तीत अशी दोन पोरं जोडीने हिंडत. पाद्री म्हणजे गोरा, अशी वस्तीची समजूत. हा तर आंध्रातून आलेला, आमच्याहून एक छटा काळा. त्यामुळे आपली थोडी फसवणूक झाली, असं अनेकांना वाटलं. तो तेलुगू वळणाच्या हिंदीत विचारी, "अम्मा, भगवान का संदेश सुनेंगे?" माझी माय सूप न थांबवता म्हणे, "आम्ही छप्पनमधे बदलला धर्म, बापा. आता तुही पाळी. तू बदलतो का?" यावर तो मनापासून हसे. आमच्या वस्तीतला एकही माणूस त्याच्या पंथात गेला नाही, पण त्याच्या तोंडावर कुणी दारही लावलं नाही.

मग तो मोठा झाला. म्हणजे त्याच्या जोडीतला थोरला, शांत स्वभावाचा मुलगा मुदत संपवून घरी गेला, एक नवा धाकटा आला आणि पत्राने कळलं की आता जोडीचा प्रमुख आमचा टायवाला. कालपर्यंत हा टाय खांद्यावर टाकून आमच्या पोरांबरोबर व्हॉलीबॉल खेळत होता. आता तो मैदानाच्या कडेला उभा राहून घड्याळ बघू लागला. धाकट्याच्या बुटांची नाडी, सायकलीतली हवा, सकाळची प्रार्थना, सगळ्यावर त्याची नजर. "अब मैं जवाबदार हूँ, भैया," हे वाक्य तो दिवसातून चारदा म्हणे. मला हसू येई. तरी मला त्याचं दुखणं कळायला हवं होतं. त्याच महिन्यात मी आमच्या युवक मंडळाचा चिटणीस झालो होतो आणि घरात पाणी मागतानाही ठराव मांडल्यासारखा बोलत होतो.

आता चहाबद्दल सांगायला हवं. मायच्या माहेरी, ती लहान असताना, मालकाच्या गोठ्याच्या वळचणीला एक कान तुटलेला कप खोचलेला असे. तिच्या बापाने तो काढायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, विसळून परत खोचायचा. म्हणून आमच्या घरी निळ्या फुलांच्या सहा कपबश्या होत्या आणि माणूस ओळखायची मायची एकच रीत होती: चहा पुढे करायचा आणि त्याच्या हाताकडे बघायचं. "आताच घेतला," म्हणणारे खूप जण तिने पाहिले होते.

प्रमुख झाल्यावर टायवाला पहिल्यांदा आमच्या घरात आत येऊन बसला. तोवरच्या भेटी ओट्यावरच्या. मायने निळ्या कपबश्या काढल्या. नव्या धाकट्याने उन्हाने हैराण होऊन कपाकडे हात नेला. टायवाल्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. हात जागच्या जागी थांबला आणि मागे गेला. "अम्मा, हमारे को चाय मना है," टायवाला घाईघाईने म्हणाला. त्यांच्या पंथात चहा कुणाच्याच घरी पीत नाहीत, हे त्याने सांगायला हवं होतं. पण नव्या प्रमुखाला त्या क्षणी फक्त नियम दिसत होता. मायला दिसला तो मागे गेलेला हात. तिने दोन्ही कप उचलले आणि मोरीत ओतले.

"टायवाल्यालेबी आपली चाय चालत नाई रे," ती एवढंच म्हणाली.

मला आणखी काय हवं होतं? संध्याकाळच्या आत मी मंडळाच्या सायक्लोस्टाइल पत्रकाची स्टेन्सिल कापली. मथळा होता, 'टाय गळ्यात, जात पोटात!' त्या पत्रकातली वाक्यं मला अजून पाठ आहेत. वाईट म्हणजे त्यातली काही चांगली होती. दोन दिवसांत पोरं सायकलीमागे "चाय मना है!" ओरडत धावू लागली आणि वस्तीतली दारं एकेक करून बंद झाली. तो व्हॉलीबॉलच्या मैदानापाशी आला, तर खेळ थांबे.

पत्रकात काय आहे ते त्याला पंक्चरवाल्याने हिंदीत समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो दारात उभा, मागे धाकटा. मी आत लिहीत होतो, तसाच बसून राहिलो.

"अम्मा, उस दिन इसका हाथ मैंने रोका. चाय हम अपनी माँ के घर में भी नहीं पीते. मैं नया-नया बड़ा बना, डर गया."

"मंग आज काय पाह्यजे?" मायचा आवाज कोरडा होता.

"पानी."

मायने माठातून ग्लास भरून दिला. त्याने तो घेतला नाही. "पहले आप." माय गोंधळली, पण दोन घोट प्यायली. त्याने तिच्या हातातून तो ग्लास घेतला, ओठाला लावला आणि अर्धा संपवला. उरलेला मागे धाकट्याकडे दिला. "तुम भी." प्रमुख म्हणून त्याने दिलेला हा पहिला शहाणा हुकूम असावा.

"चाय मना है, अम्मा. जूठा मना नहीं."

 माय पदर तोंडाला लावून हसली. "माह्यं उष्टं पेला रे हा येडा! बस, बापा, बस. भाकर तं चालते ना तुले?" भाकर चालली. दोघांना मिळून पाच.

ते गेल्यावर माय माझ्याकडे वळली. "आता हेबी छाप."

मी म्हणालो, स्टेन्सिल संपल्या. डबा निम्मा भरलेला होता. मंडळाच्या बैठकीत विषय निघाला, तेव्हा चिटणीस या नात्याने मीच सांगितलं की एका ग्लासाने व्यवस्था बदलत नाही आणि माघार घेतली तर मंडळाचं वजन जाईल. ठराव एकमताने पास झाला. वस्तीतली दारं पुन्हा उघडली, ती मायने घरोघर जाऊन सांगितलं म्हणून. माझ्या पत्रकापेक्षा तिचा खप जास्त होता. "त्याले डर लागला तं त्यानं सांगून टाकलं," ती मला म्हणे. "तुले काऊन सांगता येत नाई?"

दिवाळीआधी त्याची बदली झाली. बस स्टँडवर माय भाकरी बांधून घेऊन आली, मीही गेलो. टायवाल्याने मला बाजूला घेतलं. "भैया, वो पर्चा है क्या एक? मेरे ऊपर पहली बार कुछ छपा है. माँ को भेजूँगा."

मला वाटलं थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता. पिशवीत एक शेवटची प्रत होती. मी खांबाला टेकून तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने लिहिलं: 'दुरुस्ती. या माणसाने चहा नाकारला तो नियमापायी, जातीपायी नव्हे. चूक लिहिणाराची आहे.' खाली सही केली, चिटणीसपद न लावता. त्याला मराठी वाचता येत नव्हतं, त्याच्या आईलाही येत नसणार. त्याने कागद नीट घडी करून त्या काळ्या पट्टीमागच्या खिशात ठेवला आणि "थँक्यू, भैया," म्हणाला.

बस सुटली. माय बराच वेळ तिकडेच बघत होती.

"काय लिवलं रे त्या कागदावर?"

"पत्ता," मी म्हणालो.