अर्जात मागितलेलं पॅनेल

माझ्या मुलीची लग्नातली पैठणी जिच्या मागावर विणली गेली, ती येवल्याजवळच्या खेड्यातली विणकर या मार्चमध्ये एसटीने माझ्याकडे आली. साड्यांचे फोटो टाकून तिने फोनवर एका कंपनीच्या अ‍ॅपमध्ये स्वतःचं एक पान उभं केलं होतं. बहुतेक गिऱ्हाइकं तिथूनच येत. कुणीतरी तक्रार केली की हे फोटो चोरीचे आहेत, आणि पान बंद झालं. फोटो तिनेच काढलेले, पदरावरचे मोर तिनेच विणलेले. तिने कंपनीकडे तीनदा दाद मागितली. तिन्ही उत्तरं इंग्रजीत, शब्दाला शब्द सारखी: तपासणी केली, निर्णय कायम.

"बाई, हे तपासतं कोण?"

जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण मला सांगता येईना. म्हणून शोधायला बसले. तेव्हा एक आवाहन सापडलं. इंटरनेटचा कारभार कसा चालावा यावर देशपातळीवरची परिषद भरणार होती, आणि तिथे कोणत्या विषयावर सत्र घ्यावं हे कुणीही सुचवू शकत होतं. 'कुणीही' हा शब्द मी दोनदा वाचला. मला वाटायचं, इंटरनेटचंही वीज मंडळासारखं कुठेतरी एक ऑफिस असेल.

मुदत शुक्रवारपर्यंत होती. बुधवारी तिला पुन्हा बोलावलं. अर्ज मी रकान्यांसकट वहीत उतरवून ठेवला होता.

"पॅनेलमध्ये किमान तीन जण हवेत, वेगवेगळ्या गटांतले," मी वाचलं.

ती हसायलाच लागली. "वेगवेगळ्या गटांतले एका पॅनेलमधी? आमच्या ग्रामपंचायतीला असं केलं तर मोजणीच्या आधीच डोकी फुटतील!"

"अगं, निवडणुकीचं नाही. सरकार, कंपन्या, संगणकवाले, सामान्य लोक, सगळ्यांनी एकत्र बसून बोलायचं."

"मंग सरपंच कोण?"

"सरपंचच नाही."

"मंग कोण कुणाचं ऐकणार?"

हा प्रश्न मी वहीच्या समासात लिहून ठेवला. अजून तिथेच आहे.

सामान्य लोकांतर्फे ती, शिक्षकांतर्फे मी आणि संगणकवाल्यांतर्फे तिसऱ्या मजल्यावरची, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी शेजारीण, असं आमचं पॅनेल झालं. सत्रात कोणता प्रश्न मांडणार, या रकान्यात मी ठेवणीतल्या इंग्रजीत लिहिलं आणि तिला अर्थ सांगितला: भारतीय भाषांतून तक्रार निवारणाची उपलब्धता.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पण यात माझं पान कुठं हाय?"

मी ते खोडलं. ती बोलत गेली, मी तसंच मराठीत लिहीत गेले. माझ्यावर चोरीचा आळ आलाय. माग माझा, मोर माझा. दाखवायला मी तयार हाय, पण कुणापुढं दाखवू?

संगणकावर भरायला घेतलं, तर एवढं सगळं त्या चौकटीच्या अक्षरमर्यादेत मावेना. शेजारणीने सांगितलं, "काकू, 'की' आपल्याला एक अक्षर, मशीनला दोन. वेलांटी ते वेगळी मोजतं." मला इतकी गंमत वाटली की काम सोडून मी शब्द घालून बघत बसले. 'स्त्री'ची सहा झाली!

"बाई, शुक्रवार उजाडेल," विणकर म्हणाली. "मोर काढा त्यातला. मोर मी तिथं घेऊनच येईन."

काही आठवड्यांनी उत्तर आलं. स्वतंत्र सत्र मिळालं नाही. तक्रारींवरच्या दुसऱ्या एका सत्रात तिला पाच मिनिटं दिली होती. मराठीत बोललं तरी चालेल, भाषांतराला माणूस असेल. मला ते फार थोडं वाटलं. तिला फोन केला.

"पान तर अजून बंदच हाय. मंग पाच मिनिटं तर पाच मिनिटं," ती म्हणाली. "पण त्या कंपनीचं कुणी समोर बसणार हाय का, तेवढं विचारा."

त्याच दुपारी मी ईमेल केला. निमंत्रण दिलं आहे, येतील की नाही सांगता येत नाही, असं उत्तर आलं. तेही तिला कळवलं.

ती मग म्हणाली, "त्यांच्या नावाची खुर्ची तरी ठेवा म्हणावं. मी तिच्याकडं बघून बोलीन."