कोमट पिशवी

त्या पिशवीची ऊब माझा तळहात अजून विसरलेला नाही.

भूकंपानंतरची वर्षे होती. लातुरात एकीकडे पत्र्याच्या शेडी गंजत होत्या, दुसरीकडे शिकवण्यांच्या नव्या पाट्या रंगत होत्या. एका सकाळी आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला: एका खासगी रक्तपेढीत तपासणी न करताच पिशव्यांवर ‘निर्दोष’ असा शिक्का मारतात. स्टेशन डायरीत नोंद करून मी साध्या साडीत, एका हवालदारासह निघाले.

रक्तपेढीच्या दारातच चाकूरकडची एक म्हातारी पिशवी घेऊन घाईने बाहेर पडली. समोरच्या प्रसूतिगृहात तिची लेक बाळंत झाली होती. रक्तस्राव थांबत नव्हता. ओळख सांगून मी पिशवी हातात घेतली. कोमट होती. शिक्क्याची ओली शाई बोटाला लागली.

तंत्रज्ञाला विचारले, “रक्त कुठे ठेवता?”

“फ्रिजमध्ये, मॅडम.”

“मग हे कोमट कसे?”

“मावशींनी पदराखाली धरलं असंल.”

म्हातारी उसळली. “म्या कवा धरलं रे पदराखाली? गार पिशवी देत होतास, म्याच म्हनलं शिळं नको. धारोष्ण दुधावानी ताजं पायजे. माझ्या म्होरंच काढलंस की त्या खाटंवरल्या बाप्याच्या दंडातून!”

तंत्रज्ञाचा चेहरा पांढरा पडला. इतक्या थोड्या अवधीत विषाणूंच्या प्रतिपिंडांची तपासणी होणे शक्यच नव्हते.

“लोक ताजंच मागतात, मॅडम,” तो पुटपुटला. “थांबा म्हटलं तर दुसरीकडं जातात.”

तिथल्या एकाही शिक्क्यावर आता विश्वास उरला नव्हता. मी सगळ्या पिशव्या जप्त केल्या.

“बाई, माझी पोरगी गेली तर तुमी देनार का भरून?” म्हातारीने विचारले. मी तिला घेऊन समोरच्या प्रसूतिगृहात धावले.

तिथले डॉक्टर म्हणाले, “सलाईनवर थोडी कळ काढता येईल. थोडीच.”

लेकीच्या रक्ताचा नमुना घेऊन हवालदार जीपने शासकीय रुग्णालयाकडे सुटला. खोलीत फिनेलचा आणि ओल्या लोखंडासारखा वास दाटला होता. लेकीचे ओठ विटत चालले होते. म्हातारी तिचे गार तळवे चोळत होती. माझ्याकडे पाहत नव्हती. अखेर जीपचा आवाज आला. जुळवलेली, तपासलेली पिशवी सलाईनच्या स्टँडला लागली. सायंकाळी लेकीने बाळाला जवळ मागितले.

जप्त केलेल्या कोमट पिशवीत एचआयव्हीचे प्रतिपिंड सापडले. गुन्हा दाखल झाला. या प्रकरणाने मला शिकवले की फसवणारा नेहमी आपल्या भीतीवरच डाव टाकतो असे नाही. आपल्या मायेच्या समजुतीही त्याला पुरतात.

अहवाल सांगायला मी स्वतः गेले. म्हातारीने आपल्या तळहातांकडे पाहिले.

“माझ्याच हातानं नेत व्हते की गं माय.”