येऊ का मॅडम

मॅडम एका जागी शांत बसल्या आहेत असं मी तरी कधी पाहिलं नाही. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये आमच्या संस्थेच्या दोन खोल्या होत्या. त्यातल्या बाहेरच्या खोलीत त्या सकाळपासून येरझाऱ्या घालायच्या. फोन चालता चालता, चहा उभ्याने, तोही अर्धा टाकून. मीटिंगला बसवलंच तर पाय हलत राहायचा आणि सगळं टेबल थरथरायचं. पण हीच बाई कुणाच्या घरी गेली की दाराबाहेर खिळायची. दार सताड उघडं असो, आत टीव्ही चालू असो, मॅडम उंबऱ्याच्या अलीकडे उभ्या राहून विचारायच्या, "येऊ का?" आणि आतून उत्तर येईपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. आमच्याकडे फाळणीनंतर निर्वासितांना दिलेल्या बॅरेकमधली माणसं बोलता बोलताच एकमेकांच्या स्वयंपाकघरात पोचतात, त्यामुळे सगळ्यांना याची गंमत वाटायची. लोकांनी त्यांचं नावच पाडलं, येऊ का मॅडम.

मी त्यांच्याकडे आले ती कॉलेजच्या फील्डवर्कसाठी. मी जवळच्याच खरवई गावची, शेतकऱ्याची मुलगी, तोंडाने फटकळ. समाजकार्याची पदवी घेतेय म्हटल्यावर आबांनी, म्हणजे वडिलांनी, कपाळाला हात लावला होता. "काय गो, लोकांची सेवा कराला कालेजात कशाला जावा लागतो? गावाच्या अडीनडीला धावणारी तुझी आजी कुठं शिकली होती?" पहिल्याच दिवशी तोच प्रश्न मॅडमना विचारला, तर त्या जिना उतरता उतरता म्हणाल्या, "सेवा मनात आली की करतात. आपलं काम मनात नसलं तरी करायचं असतं, आणि समोरच्याला उपकार वाटू न देता करायचं असतं. ते शिकावं लागतं. चल, उशीर होतोय."

शिकवायच्या त्या चिमटे काढून. मी एका बाईबद्दल बोलताना सारखं 'ती बिचारी, ती बिचारी' करत होते. मॅडम थांबल्या. "बिचारी हे आडनाव आहे का तिचं?" त्यानंतर तो शब्द माझ्या तोंडात आला की मीच जीभ चावायचे. एकदा अंबरनाथहून शेअर रिक्षाने परत येताना मी कुणाच्या तरी घरचं भांडण सांगायला लागले, तर मॅडमनी एकदम मोठ्याने विचारलं, "तुमच्याकडे वालाचं बिरडं कसं करतात गं?" मी म्हटलं, हे काय मध्येच? तर पुन्हा, "खोबरं वाटून घालतात की नुसतंच?" उतरेपर्यंत रिक्षातल्या सगळ्यांची आपापली कृती सांगून झाली. उतरल्यावर आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिने ते तुला सांगितलं होतं. रिक्षाला नाही." मला इतकी लाज वाटली की बिरडं पुढे कित्येक दिवस गोड लागलं नाही.

पण मॅडम म्हणजे काय चीज आहे ते मला कळलं अम्माच्या वेळी.

कॅम्प चारमध्येच एका जुन्या इमारतीला धोकादायक म्हणून नोटीस लागली होती. पावसाळ्याआधी खाली करा, नाहीतर काही खरं नाही. एकेक करून सगळी बिऱ्हाडं गेली, राहिली फक्त दुसऱ्या मजल्यावरची सिंधी म्हातारी. एकटी. पापड लाटून विकायची, सगळे तिला अम्मा म्हणायचे. अधिकारी येऊन ओरडून गेले, पुतण्या येऊन रडून गेला, शेजारच्या इमारतीतले लोक घरात घुसून तिची भांडी बांधायला लागले तर तिने लाटणं उगारलं. शेवटी आम्हाला निरोप आला, तुम्ही समजूत घाला.

आम्ही गेलो. जिन्याच्या सळया बाहेर आलेल्या, भिंतीला हात जाईल एवढी भेग. अम्माचं दार उघडंच होतं, ती पाठमोरी बसून पीठ मळत होती. मॅडम बाहेर उभ्या. "अम्मा, येऊ का?"

"आज नहीं."

"बरं," मॅडम म्हणाल्या. मग दाराबाहेरूनच तिला समजेल अशा हिंदीत सगळं सांगितलं. खांब किती खराब झालेत, काय होऊ शकतं, राहायची कुठे कुठे सोय होऊ शकते. काही लपवलं नाही, घाबरवायला काही वाढवलंही नाही. आणि वळून चालू लागल्या. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिन्यातच ओरडले, "अहो मॅडम, स्लॅब काय विचारून पडणार आहे का? येऊ का म्हणून?"

"स्लॅब नाही विचारणार," त्या म्हणाल्या. "म्हणूनच माणसाने विचारायचं."

मला ते तेव्हा अजिबात पटलं नाही. वाटलं, हा सगळा पुस्तकी शहाणपणा आहे आणि त्यापायी एक म्हातारी मरणार आहे. रात्री डोळा लागायचा नाही. अशाच एका सकाळी लवकर निघाले, तर त्या इमारतीसमोरच्या फुटपाथवर, जीन्सच्या कारखान्याच्या बंद शटरला टेकून मॅडम उभ्या. मान वर. मी जवळ गेले तर दचकल्या.

"इथे काय करताय?"

"गॅलरीत पापड बघते. वाळत घातले की समजायचं, आहे." पाय तसाच हलत होता. "ऑफिसला जाण्याआधी एकदा बघून जाते. नाहीतर काम सुचत नाही." तेव्हा कळलं, या बाईच्या पोटात माझ्यापेक्षा मोठा गोळा होता. फक्त तो घेऊन ती दुसऱ्याच्या घरात शिरत नव्हती.

त्यानंतर एका दुपारी मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, आणि आतून आवाज आला, "अच पुट, अंदर आ. रोज पूछती है, थकती नहीं क्या?"

आम्ही जमिनीवर बसलो. सिंध्यांच्या रीतीने पुढे भाजलेला पापड आणि पाणी आलं. चहा कधी पुरा न पिणाऱ्या मॅडमनी तो पापड सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. मी वरच्या छताकडे बघत जीव मुठीत धरून बसलेली. मग अम्माच बोलली. "यहाँ कैंप में आए ना, तब मैं इतनी छोटी थी. कोई उठा के लाया था. अब फिर सब बोलते हैं, अम्मा को उठा के ले जाओ." तिने हातातला पिठाचा गोळा पुन्हा मळला. "मेरे को कोई उठाएगा नहीं. अपने पैर से जाऊँगी. और उधर छत चाहिए, पापड के लिए."

एवढंच होतं. इतक्या जणांनी तिला निघ म्हणून सांगितलं, कसं निघणार हे कुणी विचारलंच नव्हतं. मॅडमनी अंबरनाथला गच्ची वापरता येईल अशी खोली शोधायला मला उन्हात वणवण फिरवलं. जायच्या दिवशी अम्माने स्वतः कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. पहिल्या पायरीवर ती लटपटली तशी मी तिचा हात धरायला झेपावले. मॅडमनी माझा कोपर मागे ओढला. दोन पायऱ्या उतरून अम्मा थांबली, मागे वळली आणि तिने आपणहून माझा खांदा धरला. खाली आल्यावर मी मॅडमना विचारलं, "आणि तोवर पडलं असतं तर?"

"तर मी आयुष्यभर झोपले नसते," त्या म्हणाल्या. "ही भीती आपली असते. ती आपणच सांभाळायची, तिच्या डोक्यावर नाही ठेवायची."

पुढे मीही याच कामात राहिले. मॅडम निवृत्त होऊन आमच्या खरवईच्याच एका नव्या सोसायटीत राहायला आल्या. आबांची आणि त्यांची गट्टी जमली, बिरड्याचे डबे जाऊ लागले. मग मॅडमना कॅन्सर निघाला, आणि निघाला तेव्हाच पसरलेला. त्यांच्या भाचीचा मला फोन आला. "ताई, मावशी हॉस्पिटलात भरती व्हायला नाही म्हणते. तुम्ही समजूत घाला, तुमचं ऐकेल."

मी धावतच गेले. मनात भांडणाची सगळी तयारी होती. दार उघडं होतं, आत पलंगाचा कोपरा दिसत होता. पायांनी उंबरा ओलांडायचं ठरवलं होतं आणि तोंडातून निघालं, "मॅडम, येऊ का?"

"आज नको गं."

देवा शप्पथ, असा राग आला! पण परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या दुकानापाशी उभी राहून त्यांच्या गॅलरीकडे बघितलं. दोरीवर त्यांचा निळा गाऊन वाळत होता. आहेत. रोज तेच करू लागले. एके दिवशी गॅलरीतून भाचीने हाक मारली, "ताई, मावशी म्हणतेय, खाली उभं राहून पाय दुखतील तिचे. ये म्हणावं."

गेले. समजूत वगैरे काही घातली नाही. जवळ बसून विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" पांघरुणाखाली त्यांचा पाय अजून हलत होता. "घरीच राहायचंय," म्हणाल्या. "आणि आबांच्या हातचं बिरडं नको, फार तिखट करतात." मी हसले आणि तिथेच ढसाढसा रडले. भाचीलाही मग हळूहळू पटलं. डॉक्टरांशी बोलून दुखणं कमी राहील अशी औषधं घरीच सुरू केली.

त्या गेल्या त्या दिवशी मी पोचेपर्यंत घर भरलं होतं. कॅम्पमधून, अंबरनाथहून माणसं येत होती, चपला जिन्यापर्यंत गेल्या होत्या, जो तो सरळ आत शिरत होता. मी उंबऱ्याशी अडले. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, पुढे व्हा ना, दार कशाला अडवताय?"

"येऊ का, मॅडम?" मी विचारलं, आणि तिथेच उभी राहिले.