काळ्या पिशवीवरचं ठिगळ

शालू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वाडीत केळीचा घड उतरवून घेत होते. डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं, इथेही ही माझ्या पुढे! धाकटी जाऊ ती माझी, पण मागे राहणं तिला कधी जमलंच नाही…

नव्वदच्या दशकात शेजारच्या पापडी गावात बायकांसाठी फोटोग्राफीचा वर्ग निघाला. शेवटी परीक्षा, पास झालं की प्रमाणपत्र. शालूला स्वतःचा स्टुडिओ काढायचा होता. मला? तिला एकटीला पुढे जाऊ द्यायचं नव्हतं, एवढंच! परीक्षेला आपापली काळी पिशवी न्यायची, पिशवीला असलेल्या बाह्यांतून दोन्ही हात आत घालायचे आणि न बघता फिल्म रिळावर गुंडाळायची. उजेड लागला की फिल्म खलास. शालूने गजरा गुंफावा तशी डोळे मिटून गुंडाळली. माझी बोटं आतल्या आत एकमेकींशी भांडत होती. तिचं झालं नि माझं अडलंय, हे सहन होईना. हळूच पिशवीची चेन बोटभर उघडली आणि आत डोकावले… चाळिशीची बाई, पण अक्कल खेळण्यातली!

नापास होऊन घरी आले आणि ठोकून दिलं, "माझी पिशवीच फाटकी निघाली."

सासूबाई शालूकडे वळल्या, "खरं का गं?"

तिने मला चेन उघडताना पाहिलं होतं. "हो आई, हे एवढं भोक होतं. नाहीतर ताई माझ्या आधी संपवत्या."

मी सुटले, पण आणखीच जळले. प्रमाणपत्रही हिचं आणि मोठेपणाही हिचाच! पिशवी तिच्या अंगावर फेकली, "घे, लाव तुझ्या स्टुडिओत." तिचा स्टुडिओ निघाला, प्रमाणपत्र काचेत लागलं. मी मात्र पासपोर्टचा फोटो मुद्दाम दुसरीकडे काढला. त्यात घुबडासारखी दिसते… तरी तोच वापरला.

परवा स्टुडिओ आवरताना शालूच्या मुलीने ती पिशवी माझ्या हातात दिली. "काकू, आई म्हणायची, ही ताईंची." उलटून बघते तर बाहीजवळ ठिगळ. धड पिशवीला ठिगळ! सासूबाईंनी कधी बघायला मागितलीच, तर माझं खोटं उघडं पडू नये म्हणून… तीस वर्षं त्याबद्दल एक शब्द बोलली नाही बया.

तिथेच थांबायचं ना? पण डोकावल्याशिवाय राहवेल तर ती मी कसली! घरी येऊन ठिगळाचा कोपरा उसवला. खाली कापड अगदी शाबूत.

आता तो कोपरा परत शिवतेय. तिचे टाके बारीक, एकसारखे. माझे बघा, कोंबडी चालून गेल्यासारखे… अजून जळतेय मी.