दात बघणारे आप्पा

आप्पांशी बोलायला लागलं की पाच मिनिटांत माणूस ओठ मिटून बोलू लागायचा. कारण आप्पा कुणाच्या डोळ्यांत बघत नसत, थेट दातांत बघत. वरवंडचे हे आप्पा म्हणजे माझ्या बायकोचे चुलते. दौंडला एका दातांच्या डॉक्टरांकडे त्यांनी उभी हयात हत्यारं धुतली आणि घाबरलेल्या पेशंटांची डोकी धरली. पुढे डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, पण आप्पांचा चालूच राहिला. एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर सावडायला जमलेल्या माणसांतसुद्धा.

त्यांचे स्वतःचे दात चहा-तंबाखूने विटकरीच्या रंगाचे झाले होते. कुणी त्यावरून चिडवलं की म्हणत, "मी फळा हाय. फळा काळाच असतो. तुम्ही शिका."

माझ्या मेव्हणीच्या लग्नात नवरदेवाचा पुढचा एकच दात राखाडी होता. बायकांत कुजबुज सुरू झाली. आप्पा हारतुऱ्यांतून वाट काढत त्याच्यापुढे गेले आणि विचारलं, "सायकलीवरनं पडला व्हता का?" तो बिचारा गोंधळून म्हणाला, हो, चौथीत. मग आप्पांनी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात खुलासा केला, की मार लागला, दात वाचला, पण आतली नस मेली, म्हणून रंग गेला. पोरगं निर्व्यसनी आहे. लोक हसले, पण माझ्या सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. आणखी एकदा आमच्या शेजारची एक बाळंतीण काळ्या पडलेल्या दातांमुळे रडत होती, तेव्हा ते तिच्या लोहाच्या औषधाने काळे पडलेत हे त्यांनीच शोधून काढलं आणि तिला ते औषध नळीने प्यायला लावलं.

मीही त्यांच्या या नादाची पुष्कळ थट्टा केली. पण ती करण्याचा हक्क मी फार पूर्वीच गमावला आहे. ते आता लिहून टाकतो.

आमचं गाव कवठे येमाई. मुलगी शुभांगी झाली त्याच वर्षी मी मळ्यात खोल बोअर घेतला. पाणी काचेसारखं लागलं. मी घरात विहिरीचं पाणी बंद करून टाकलं. आल्यागेल्याला बोअरचा तांब्या द्यायचा आणि तो काय म्हणतो याची वाट बघत उभं राहायचं, एवढा मला त्याचा तोरा होता. शुभी अकरा वर्षांची झाली तेव्हा तिच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसू लागले. माझ्या आईची मिश्रीची डबी चुलीजवळच्या कोनाड्यात असायची. पोरगी चोरून मिश्री लावते, असं मी ठरवूनच टाकलं. ती देवाची शपथ घेऊन नाही म्हणत होती. मी तिच्या थोबाडीत मारली, आईची डबी उकिरड्यावर फेकली आणि महिनाभर रोज सकाळी समोर उभं राहून पोरीला लिंबू-मीठ घासायला लावलं. हिरड्यांतून रक्त यायचं. डाग होते तसेच राहिले.

दिवाळीला आप्पा आले. त्यांनी शुभीला उंबऱ्यात उन्हाला बसवलं, नखाने दात खरवडून पाहिला आणि माझ्याकडे पाणी मागितलं. मी तांब्या भरून दिला. तो त्यांनी तसाच खाली ठेवला.

"पाहुणं, मिश्री हिरडीपाशी बसती, खरवडली की निघती. हे दातातच हाय. नवं दात हिरडीच्या आत तयार व्हत असत्यात, तवाच पाण्यातला क्षार त्यात बसलाय. पोरीनं काय न्हाई केलं. तुमच्या बोअरनं केलंय."

पाणी तपासलं. फ्लोराइड जास्त निघालं. आम्ही पुन्हा विहिरीचं पाणी उकळून प्यायला लागलो. निघताना आप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, पाणी तर बदलाल, पण तिच्याशी बोला, चुकलो म्हणा. मी मान हलवली, पण बोललो नाही. बापाने मुलीपुढे चुकलो म्हटल्याचं आमच्या घरात कुणी पाहिलेलं नव्हतं. मी तिला नवी सायकल आणली आणि तसं आप्पांना फोनवर कळवलं. ते म्हणाले, "सायकल बोलती व्हय?"

तेव्हापासून भेटले की रामराम राहायचा बाजूला, पहिला प्रश्न तोच, "बोलला का?" एकदा बारशाच्या पंगतीत श्रीखंड वाढता वाढता विचारलं आणि माझी वाटी भरायची थांबवली. मी हसून वेळ मारून नेली. शुभी मात्र प्रत्येक फोटोत ओठ मिटून उभी. हसू आलं की तिचा हात आधी तोंडावर जाई.

गेल्या उन्हाळ्यात आप्पा गेले. शुभी आता रांजणगावला कंपनीत आहे. दहाव्याहून परतताना गाडी तीच चालवत होती. न्हावऱ्याच्या अलीकडे चहाला थांबलो. कप हातात होता आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "शुभे, मिश्री तू लावली नव्हतीस. मी उगाच मारलं तुला. चुकलो."

तिने कप खाली ठेवला.

"आप्पा मलाही विचारायचे, पप्पा. दरवेळी. बोलला का तुझा बाप? मी म्हणायचे, अजून नाही. मग म्हणायचे, बोलंल गं, जरा जड जातंय त्याला."

ती हसली. हात सवयीने तोंडावर गेला आणि तिथेच राहिला. त्याच्या आडून ती म्हणाली, "आता कुणाला सांगू, बोलले म्हणून?"