राखेतलं शिसं

१९७८ साली वाडीतल्या एका गोदामामागे एक भंगारवाला जुन्या बॅटऱ्या आणि तारा जाळायचा. तिथली राख चाटून वस्तीतल्या नत्थूजीच्या दोन शेळ्या मेल्या, तेव्हा तिथेच खोली घेऊन राहणाऱ्या, कॉलेजच्या प्रयोगशाळेतून रिटायर झालेल्या देवरावांनी ती राख तेजाबात धुवायला घेतली. धुवणाच्या पाण्यात चुना कालवला की राखेतलं शिसं गाळ होऊन मातीच्या नांदेच्या तळाशी बसायचं.

वस्तीला मात्र तेजाबाचा उग्र वास तेवढा कळला. एका सकाळी नत्थूजी चार माणसं घेऊन आला.

"काहून गा, आमच्या दारात जहर बनवून राहिला का?"

"जहर राखेतच आहे. मी ते काढून राहिलो," देवराव तडकले. "तुले अक्कल असती तर शेळ्या बांधून ठेवल्या असत्या!"

नत्थूजीने लाथ मारून नांद फोडली. पांढरा गाळ वस्तीच्या विहिरीकडे ओघळू लागला. देवराव गुडघे टेकून तो फडक्याने टिपत राहिले. माणसं शिव्या देत उभी होती; मदतीला कोणी वाकलं नाही.

सगळा गाळ डब्यात भरून त्यांनी झाकण ठोकलं. "उरलेली राख तुमची. खा आता!" म्हणाले, आणि त्याच महिन्यात खोली सोडून सक्करदऱ्याला लेकीकडे निघून गेले. वाडीचं नाव काढलं तरी ते उठून जात.